शाखा निवडा, शिक्का नव्हे



ज्यांनी आज बक्षिसं मिळवली त्या सर्वांचं अभिनंदन. ज्यांनी पडद्यामागे राहून दिवे, ध्वनी आणि रांगोळी सांभाळली, त्यांचंही तितकंच अभिनंदन. परीक्षा आणि वॉर्डच्या पोस्टिंगमधून वेळ काढून एवढा देखणा कार्यक्रम उभा करणं सोपं नाही.

मघाशी तुम्ही एक प्रहसन सादर केलंत. कॅज्युअल्टीत एक रुग्ण येतो आणि एकेका शाखेचा डॉक्टर त्याला बघायला येतो. ऑर्थोवाला हातोडी घेऊन येतो, मेडिसिनवाला निदानांची यादी वाचत बसतो, सर्जन सगळ्यांवर ओरडतो, सायकियाट्रीवाला स्वतःशीच बोलतो, डर्मावाली पाच वाजले म्हणून घरी निघते आणि भूलतज्ज्ञ खुर्चीत डुलकी काढतो. तुमचा अभिनय उत्तम होता आणि सभागृहाबरोबर मीही मनापासून हसले. त्या प्रहसनातल्या माणसांबद्दल आज मला बोलायचं आहे. पुढच्या काही वर्षांत तुमच्यातले बहुतेक जण नीट पीजीच्या काउन्सेलिंगला बसतील. त्या वेळी हीच चित्रं तुमच्या डोक्यात असतील, आणि आयुष्यभराचा निर्णय एखाद्या चित्रावर सोपवणं धोक्याचं आहे.

मी भूलतज्ज्ञ आहे. रुग्णाच्या नातेवाइकांना सर्जनचं नाव पाठ असतं, आमचं बहुतेकदा माहीत नसतं. त्याची मला कधी खंत वाटली नाही. खंत वाटते ती आपणच एकमेकांना ओळखत नाही याची.

प्रहसनातले हे शाखांचे शिक्के आले कुठून? ते अगदीच हवेतून आलेले नाहीत. शस्त्रकर्म करणाऱ्या वैद्याच्या अंगी काय हवं, हे सुश्रुतसंहितेने सांगून ठेवलं आहे. धैर्य हवं, हाताला चपळाई हवी, शस्त्राला धार हवी, घाम फुटू नये, हात कापू नये आणि मन गोंधळू नये. ज्या काळात रुग्ण जागा असायचा आणि वेदनेने तडफडायचा, त्या काळात याला पर्यायच नव्हता. लंडनचे रॉबर्ट लिस्टन अवघ्या काही मिनिटांत पाय कापून वेगळा करत आणि त्यासाठीच त्यांची ख्याती होती. तो वेग म्हणजे रुग्णावर केलेली दयाच होती, कारण वेदनेचं प्रत्येक मिनिट वाचत होतं. मग १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनमध्ये विल्यम मॉर्टन यांनी ईथर देऊन शस्त्रक्रिया शक्य असल्याचं सर्वांसमोर दाखवलं, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात स्वतः लिस्टन यांनी लंडनमध्ये ईथरखाली शस्त्रक्रिया केली. त्यानंतर सर्जनला घाईची गरज उरली नाही. शांतपणे, ऊतींना जपत काम करणं शक्य झालं. परिस्थिती बदलली, पण सर्जन तापट आणि उतावळाच असायचा ही समजूत मात्र मागे राहिली. प्रत्येक शिक्क्याच्या मुळाशी असं कुठल्यातरी काळातलं, कुठल्यातरी कामाचं दडपण असतं. ते दडपण कामाचं होतं. आपण ते माणसाच्या स्वभावाला चिकटवलं.

आता काही खऱ्या माणसांकडे बघूया.

व्हर्जिनिया ॲपगार यांना सर्जन व्हायचं होतं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी सर्जरीचं प्रशिक्षणही घेतलं. पण तिथले सर्जरीचे प्रमुख ॲलन व्हिपल यांनी त्यांना अनेस्थेशियाकडे वळायला सांगितलं, कारण सर्जरीत बाईचा निभाव लागणं त्या काळी कठीण होतं. भूलतज्ज्ञाचं लक्ष झोपलेल्या रुग्णावर आणि यंत्रावर असतं अशी आपली कल्पना. या बाईंचं लक्ष मात्र नुकत्याच जन्मलेल्या बाळाकडे गेलं. त्या वेळी प्रसूतीनंतर सगळी धावपळ आईभोवती असायची. असं सांगतात, की एका विद्यार्थ्याने न्याहारीच्या टेबलावर त्यांना विचारलं, नवजात बाळाची अवस्था नेमकी मोजायची कशी? त्यांनी हाताशी असलेल्या कागदावर पाच गोष्टी लिहून दिल्या: हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, प्रतिक्षिप्त क्रिया आणि त्वचेचा रंग. १९५३ साली त्यावरचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. आज लेबर रूममध्ये बाळ जन्मलं की पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला तुम्ही केसपेपरवर जो ॲपगार स्कोअर लिहिता, तो एका भूलतज्ज्ञ बाईंनी दिलेला आहे आणि एका विद्यार्थ्याच्या प्रश्नाने त्याला चालना दिली आहे.

दुसरी हकिकत १९५२ सालच्या कोपनहेगनची. पोलिओची भीषण साथ आली होती. श्वासाचे स्नायू लुळे पडून रुग्ण दगावत होते आणि ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासयंत्रं मोजकीच होती. तिथले मुख्य फिजिशियन लासेन यांनी बियोर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला बोलावलं. थिएटरमध्ये आपण रोज जे करतो तेच वॉर्डात करू, असा इब्सेन यांचा सल्ला होता. श्वासनलिकेला छेद द्यायचा, नळी घालायची आणि रबरी फुगा हाताने दाबून श्वास द्यायचा. पण फुगा रात्रंदिवस दाबणार कोण? वैद्यकीय विद्यार्थी पुढे आले. सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, महिनोन्‌महिने, रुग्णांच्या उशाशी बसून हाताने श्वास दिला. मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आलं आणि आजच्या अतिदक्षता विभागाची कल्पना तिथून पुढे आली. या हकिकतीत मला सगळ्यात मोठा वाटतो तो लासेन यांचा मोकळेपणा. दुसऱ्या शाखेच्या माणसाला बोलावून, आमचे रुग्ण मरताहेत, तुम्हाला काही सुचतं का, असं विचारायला मन मोठं लागतं.

ऑर्थोवाल्यांना आपण सुतारकाम करणारे म्हणतो. जयपूरचे अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी यांनी खरोखरच एका कारागिराचा हात धरला. रामचंद्र शर्मा हे ते कारागीर. परदेशी कृत्रिम पाय घालून भारतीय माणसाला उकिडवं बसता येत नव्हतं, मांडी घालता येत नव्हती, अनवाणी शेतात उतरता येत नव्हतं. आपला रुग्ण घरी कसा बसतो आणि शेतात कसा चालतो, हे या दोघांनी पाहिलं आणि त्यातून जयपूर फूट घडला. सेठी यांना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हातोडी धरणाऱ्या शाखेत याहून कोमल निरीक्षण कुठलं असेल? आणि बुद्धीचं म्हणाल, तर २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या नाताळ अंकात एक गमतीदार पण रीतसर अभ्यास आला. त्यात ऑर्थोपेडिक सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांच्या हाताची पकड आणि बुद्धिमत्ता चाचणी यांची तुलना होती. दोन्हींत सरासरीने ऑर्थोवालेच पुढे निघाले. त्यांचं माझ्या शाखेतर्फे मनापासून अभिनंदन.

पॅथॉलॉजीवाले माणसांपासून दूर, सूक्ष्मदर्शकात डोळे घालून बसतात म्हणे. टाटा मेमोरियलमध्ये पॅथॉलॉजी विभाग उभारणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर आठवा. या देशातल्या कर्करोग संशोधनाचा पाया त्यांनी घातला, कमल रणदिवे यांच्यासारख्या शास्त्रज्ञ घडवल्या आणि पुढे मुंबई विद्यापीठाचं कुलगुरुपदही सांभाळलं. मेडिसिनवाले नुसती चर्चा करतात म्हणे. महाड परिसरात डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णांशेजारी रात्री काढल्या आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाने किती जीव वाचू शकतात ते जगाला दाखवलं. पीएसएम, म्हणजे प्रतिबंधात्मक आणि सामाजिक वैद्यक, ही ज्यांना दुसरं काही मिळालं नाही त्यांची शाखा, असं तुम्ही हॉस्टेलवर म्हणता. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांच्या काळजीचं प्रशिक्षण दिलं. त्या गावांत नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालं. आज देशभरातल्या आशाताई घरोघरी जाऊन बाळांना तपासतात, त्यामागे हे काम आहे. एका वॉर्डात जेवढी बाळं वाचत नाहीत तेवढी या शाखेच्या विचाराने वाचली.

संशोधन काय सांगतं? स्वभाव आणि वैद्यकीय शाखा यांवरच्या अनेक अभ्यासांचा आढावा बोर्जेस आणि साविकास यांनी २००२ साली घेतला. वेगवेगळ्या शाखांमधल्या डॉक्टरांत जेवढा फरक आढळतो, त्याहून जास्त फरक एकाच शाखेतल्या डॉक्टरांमध्ये आढळतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. एका स्वभावाच्या माणसाला एकाहून अधिक शाखा मानवतात, हेही त्यांनी सांगितलं.

मग या शिक्क्यांनी बिघडतं काय? मला तीन गोष्टी दिसतात.

पहिली, ते आपल्या वतीने निवड करतात. हुशार मुलीला आजही घरातून सांगितलं जातं, सर्जरी नको, डर्मा किंवा गायनॅक घे. बुजऱ्या मुलाला सांगतात, तुला क्लिनिकल झेपणार नाही. मद्रासच्या डॉ. टी. एस. कनका यांनी १९६८ साली न्यूरोसर्जरीची पदवी मिळवली, तेव्हा आशियात या क्षेत्रात बायका जवळजवळ नव्हत्याच. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात एक लाखाहून अधिक रुग्णांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. स्त्री सर्जनच्या रुग्णांमध्ये तीस दिवसांतले मृत्यू थोडे कमीच आढळले. इथे बसलेल्या पालकांनी हे लक्षात ठेवावं अशी माझी विनंती आहे.

दुसरी गोष्ट, शिक्का वाईट वागणुकीला परवाना देतो. थिएटरमध्ये हत्यार फेकलं तर आपण म्हणतो, सर्जन असेच असतात. वेदनेने ओरडणाऱ्या बाईला लेबर रूममध्ये कुणी टाकून बोललं, मांडीवर चापट मारली, तर म्हणतो, गायनॅकवाल्यांना असं करावंच लागतं. नाही करावं लागत. केंद्र सरकारने २०१७ साली लक्ष्य कार्यक्रम आणला, त्यात बाळंतिणीशी सन्मानाने वागणं हा दर्जाचाच भाग मानला आहे. ज्युनिअर रेसिडेंटचा अपमान करणं ही कुठल्याही शाखेची परंपरा नाही आणि तिला तसं नावही देऊ नका. जिथे ज्युनिअर बोलायला घाबरतो, तिथे चुकीच्या बाजूवर चीर पडताना पाहूनही तो गप्प राहू शकतो.

तिसरी गोष्ट, याची किंमत रुग्ण मोजतो. खुब्याचं हाड मोडलेल्या आजीला धाप लागते. रेफरन्स येतो, पण ऑर्थोवाल्यांना ईसीजी कळत नाही या पूर्वग्रहाने पाहणारा डॉक्टर सावकाश येतो. भूलतज्ज्ञ फिटनेस देत नाही, तेव्हा ते केस टाळायलाच बसलेत असं म्हणून त्यांचं कारण ऐकलंच जात नाही. सगळ्यात मोठा अन्याय मानसोपचाराच्या रुग्णावर होतो. त्याच्या छातीत खरोखर दुखत असलं, तरी जुना केसपेपर पाहून त्याला परत पाठवलं जाण्याचा धोका असतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या दर दहा प्रौढांपैकी सुमारे एकाला मानसिक आजार आहे, आणि आपल्याकडे लाख लोकांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ नाही. अशा वेळी त्या शाखेची टिंगल करून आपण एखाद्या चांगल्या विद्यार्थ्याला तिथून परत फिरवलं, तर ते नुकसान समाजाचं आहे.

म्हणून इंटर्नशिपचं वर्ष पीजीच्या एमसीक्यूंत पुरतं बुडवू नका. प्रत्येक पोस्टिंगमध्ये स्वतःला विचारा: इथलं रोजचं, कंटाळवाणं काम मी आवडीने करेन का? रात्री तीनला फोन आला तर मी कुठल्या रुग्णासाठी कुरकुर न करता उठेन? इथली कुठली चूक मला झोपू देणार नाही? या प्रश्नांची उत्तरं रँक देऊ शकत नाही आणि सीनिअरने सांगितलेला किस्साही देऊ शकत नाही. ती वॉर्डात, ओपीडीत, प्रयोगशाळेतच मिळतात. आणि रँकमुळे मनातली शाखा मिळाली नाही, तरी निराश होऊ नका. ॲपगार यांना हवी होती ती शाखा मिळाली नव्हती.

हिंमत, चिकाटी, हळुवारपणा, नेमकेपणा आणि ऐकून घेण्याची तयारी हे गुण प्रत्येक शाखेला लागतात आणि सरावाने येतात. चांगल्या सर्जनला थांबता आलं पाहिजे, चांगल्या फिजिशियनला पटकन निर्णय घेता आला पाहिजे आणि चांगल्या रेडिओलॉजिस्टला फोन उचलून वॉर्डाशी बोलता आलं पाहिजे.

प्रहसनं जरूर करा, एकमेकांची थट्टाही करा. पण उद्या सकाळी वॉर्डात गेल्यावर दुसऱ्या शाखेच्या सहकाऱ्याला नावाने हाक मारा, त्याचं म्हणणं पूर्ण ऐका आणि अडलात तर संकोच न करता त्याला विचारा. स्वभावाच्या भीतीने शाखा सोडू नका आणि शाखेच्या नावावर स्वभाव बिघडू देऊ नका.