वकिलाचें घर



आमच्या वैजापूरकडील जुन्या वाड्यांत येणाऱ्यानें कोठवर यावें, हें कोणास सांगावें लागत नसे. वसुलीचा कारकून देवडीवर थांबे, व्याही ओसरीवर बसे, आणि माजघराचा उंबरा ओलांडावयाचा तो घरच्याच माणसानें. परराज्याच्या वकिलाला राहावयास जें घर लागतें, त्याचें कोडें याहून फारसें निराळें नाहीं. फक्त त्याच्या ओसरीवर नबाब येतात.

१९४८ पर्यंत आमचा तालुका निजामाच्या अमलाखालीं होता, म्हणून उदाहरण हैदराबादचेंच घेतों. इंग्रजांचा रेसिडेंट जेम्स अकिलीज कर्कपॅट्रिक यानें १८०३ च्या सुमारास मुसी नदीच्या उत्तर तीरावर नवें निवासस्थान बांधावयास घेतलें. खर्च निजामाचा, आराखडा लेफ्टनंट सॅम्युएल रसेल याचा. अशी गोष्ट सांगतात कीं, आराखड्याचा तो अवाढव्य कागद पाहून निजामानें प्रथम साफ नकार दिला. तोच आराखडा लहानशा पुठ्ठ्यावर काढून आणतांच संमति मिळाली! घर बांधूं इच्छिणाऱ्यांनीं ही युक्ति ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

दर्शनी बाजू सर्वस्वीं दरबारासाठीं. रुंद पायऱ्या, पायथ्याशीं दोन सिंह, वर सहा प्रचंड खांब, आणि आंत दोन मजले उंचीचा दरबारमहाल. यजमान समोर येण्यापूर्वींच पाहुण्याला कंपनीचा दरारा जाणवावा, अशी ही योजना. पण कर्कपॅट्रिकची पत्नी खैरुन्निसा ही हैदराबादच्या खानदानी घराण्यांतील, पडदानशीन. त्या खांबांमागें तिनें राहावें कोठें? तिच्यासाठीं मागें निराळा रंगमहाल उभारला. भोंवतीं भिंती, आंत कारंजीं आणि मोगली थाटाची बाग. एकाच आवारांत दोन घरें झालीं, आणि दोहोंची वास्तुविद्याहि दोन जातींची.

माझ्या मतें उणें राहिलें तें येथेंच. आमच्या माजघरांतल्या बाईला ओसरीवरचें बोलणें ऐकूं येई. प्रसंगीं दाराआडून ती सल्लाहि देई. खैरुन्निसेला मात्र आपल्याच पतीच्या घराचा दर्शनी भाग पाहण्याची सोय नव्हती. म्हणूनच, अशी आख्यायिका आहे, कर्कपॅट्रिकनें तिच्या बागेंत त्या वास्तूची एक छोटी प्रतिकृति बांधवून दिली.

तो स्वतः १८०५ मध्यें कलकत्त्यास वारला. रंगमहाल एकोणिसाव्या शतकांतच पाडला गेला. १९४९ मध्यें तेथें मुलींचें महाविद्यालय आलें, आणि दरबाराच्या त्या पायऱ्या विद्यार्थिनी रोज चढूं लागल्या. बागेंतली प्रतिकृति अद्याप उभी आहे.