‘राइट ऑफ’ म्हणजे माफी नव्हे
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आज दोन इंग्रजी शब्दांचा हिशेब मांडायचा आहे. एक ‘वेव्हर’ आणि दुसरा ‘राइट ऑफ’. आपण दोन्हींना सरसकट कर्जमाफी म्हणतो आणि तिथेच फसतो.

मागे एका गावी आम्ही बैठकीला गेलो होतो. एका शेतकऱ्याला बँकेत कुणीतरी सांगितले, “तुमचे खाते राइट ऑफ झाले.” कर्ज फिटले असे समजून त्याने गावात पेढे वाटले. सहा महिन्यांनी वसुलीची नोटीस दारात आली. आम्ही कागद पाहिले. बँकेतला माणूस खोटे बोलला नव्हता. शब्दाचा अर्थ मात्र कुणी सांगितला नव्हता.

अर्थ असा आहे. अल्प मुदतीच्या पिकाचे कर्ज दोन हंगाम थकले की बँक ते बुडीताच्या वाटेवरचे धरते, त्यापोटी आपल्या नफ्यातून तरतूद करते आणि पुढे ते ताळेबंदातून काढून टाकते. हे झाले राइट ऑफ. वही साफ झाली ती बँकेची, आपली नाही. देणे कायम, वसुली चालू, सातबाऱ्यावरचा बोजा तसाच.

वेव्हर म्हणजे देण्यातूनच सुटका. केंद्राच्या २००८ च्या योजनेच्या नावातच ‘वेव्हर’ आणि ‘रिलीफ’ असे दोन शब्द होते. ५ एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याचे योजनेत बसणारे थकीत कर्ज सोडले, ते वेव्हर. ते पैसे सरकारने बँकांना भरून दिले. त्याहून जास्त जमीन असणाऱ्याने ७५ टक्के भरले तर २५ टक्के सूट, ते रिलीफ. त्या एका शब्दाने बांधाच्या अलीकडचा आणि पलीकडचा शेतकरी वेगळा झाला.

आता आपल्याच कार्यकर्त्यांना सांगतो. उद्योगपतींच्या राइट ऑफचा आकडा माफीचा म्हणून भाषणात ठोकू नका. समोरचा एका वाक्यात आपल्याला खोटे पाडील. त्याऐवजी विचारा, राइट ऑफनंतर त्यांच्याकडून वसूल किती झाले? तडजोडीत सोडले किती? या प्रश्नापुढे त्याला शब्दाआड लपता येणार नाही.

आणि घरी गेल्यावर एवढे करा. कर्ज गेले असे कुणी म्हणाले तर लेखी मागा. बेबाकी दाखला घ्या. सातबारा काढून इतर हक्कातला बोजा उतरला का, ते डोळ्यांनी पाहा. तो उतरल्यावर पेढे वाटा, आम्हीही खायला येऊ.

दोन्ही शब्द कर्ज थकल्यानंतरचे आहेत. ते थकले का, हे दोन्हींतला एकही सांगत नाही. ते आपल्यालाच सांगावे लागेल, खर्चाची वही आणि बाजारातली पट्टी शेजारी शेजारी ठेवून.