छायाचित्रातील खेळाडू आणि रेषेतील खेळाडू

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळांत खेळांची जुनी छायाचित्रे सहसा दोनच ठिकाणी सापडतात : मुख्याध्यापकांच्या खोलीतील भिंतीवर, नाहीतर कार्यालयातील कपाटात. ढालीभोवती उभा असलेला कबड्डीचा संघ, मल्लखांबावर स्थिरावलेला मुलगा, खुंटाकडे झेपावणारी खो-खोपटू. महोत्सव जवळ आला की ही छायाचित्रे बाहेर काढली जातात आणि त्यांवरून ध्वज, सन्मानचिन्ह, प्रवेशद्वारावरील फलक करावा अशी इच्छा उत्पन्न होते. इच्छा योग्यच असते. अडचण असते ती गणिताची. सहा इंच रुंदीचे छायाचित्र इंचाला 300 बिंदू या प्रमाणात स्कॅन केले, तर रुंदीत 1800 बिंदू मिळतात. तेच सहा फुटांच्या फलकावर ताणले की इंचाला अवघे 25 बिंदू उरतात, आणि जवळून पाहणाऱ्याला खेळाडूऐवजी चौकटी दिसू लागतात.

व्हेक्टर चित्र या अडचणीतून सुटते, कारण त्यात बिंदूंचा साठा नसतो. वक्ररेषांचे गणित असते. वक्राची दोन टोके आणि त्याला वळण देणारे दोन नियंत्रणबिंदू एवढे ठाऊक असले, की तो वक्र बिल्ल्यावरही तितकाच नितळ उमटतो आणि इमारतीच्या भिंतीवरही. हे वक्र मूळचे मोटारींच्या कारखान्यातले. फ्रान्समधील रेनॉ कंपनीत पिएर बेझिए आणि सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो हे दोघे मोटारीच्या पत्र्याचे बाक मोजक्या आकड्यांत कसे बांधावेत, या प्रश्नावर स्वतंत्रपणे काम करीत होते. त्याच वक्रांवर उभे असलेले ‘इलस्ट्रेटर’ 1987 मध्ये बाजारात आले. आज ‘इंकस्केप’ हे त्याच प्रकारचे साधन विनामूल्य उपलब्ध आहे. शाळेच्या संगणकावर त्याने काम भागते.

परंतु साधनाआधी निवड येते, आणि बहुतेक चित्रे तेथेच बिघडतात. जे छायाचित्र म्हणून उत्तम, ते रेषाचित्राला उपयोगी पडेलच असे नाही. कबड्डीत चढाई करणाऱ्याला चौघांनी घेरल्याचा क्षण छायाचित्रात थरारक दिसतो. मात्र त्यातील रंग आणि चेहरे काढून नुसती काळी आकृती ठेवली, तर हातापायांचा एक गोळा उरतो. कुस्तीचेही तसेच. 1952 साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविणाऱ्या खाशाबा जाधवांवर चित्र करायचे, तर डाव अगदी रंगात आल्यापेक्षा पकड पडण्यापूर्वीचा पवित्रा अधिक बोलका ठरेल. मल्लखांब या बाबतीत भाग्यवान आहे : शरीर खांबापासून सुटे दिसते, आसन क्षणभर स्थिर असते आणि हातापायांमधल्या मोकळ्या जागा आकृती ओळखीची करतात. छायाचित्र डोळे किलकिले करून पाहावे; तरीही खेळ ओळखू आला, तरच ते चित्राला घ्यावे.

या निवडीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. तेथील व्यावसायिक बास्केटबॉल संघटनेचे बोधचिन्ह ॲलन सीगल यांनी 1969 मध्ये तयार केले, ते वेन रॉबर्ट्स यांनी टिपलेल्या जेरी वेस्ट या खेळाडूच्या छायाचित्रावरून. चेंडू टप्पा देत पुढे नेणारी ती पांढरी आकृती एका बाजूच्या निळ्या आणि दुसऱ्या बाजूच्या लाल रंगाच्या मधोमध उभी आहे. तिला बाह्यरेषाच नाही. भोवतीचे रंग तिला आकार देतात. चेहरा नाही, गणवेशावरील क्रमांक नाही, तरी शरीराचा झोक पुरेसा आहे. त्या काळी हे सारे काम संगणकाविना झाले, ही गोष्ट यंत्रावर भार टाकणाऱ्यांनी ध्यानी घ्यावी.

प्रत्यक्ष काम असे चालते. स्कॅन केलेले छायाचित्र तळच्या लेअरवर ठेवून फिके करावे आणि तो लेअर कुलूपबंद करावा. वरच्या लेअरवर पेन टूलने आकृती गिरवावी. नवशिके दर मिलिमीटरला नोड टाकतात आणि मांडीची रेषा करवतीसारखी दातेरी होते. रेषा जेथे दिशा बदलते, तेथेच नोड हवा : खांद्याचा माथा, पोटरीचा फुगवटा, टाचेचा कोपरा. स्नायूवर नोड गुळगुळीत असावा, कोपरावर आणि बुटाच्या कडेवर टोकदार. नियंत्रणबिंदूचा दांडा त्या वक्रखंडाच्या सुमारे एक तृतीयांश ठेवला, तर वक्र सहसा ओढल्यासारखा दिसत नाही. छटा तीन पुरतात, उजेड, मध्यम आणि सावली. चौथीचा मोह बहुधा कपड्यांच्या चुण्यांपायी होतो.

एका कळीसरशी छायाचित्राचे व्हेक्टर करून देणारी सोय सर्वांना ठाऊक आहे. शाळेच्या शिक्क्यासारख्या स्वच्छ काळ्यापांढऱ्या चित्राला ती चांगली. खेळाच्या छायाचित्राला ती फसते. तिला शरीराची कड कळत नाही, फक्त उजेड-अंधाराची कड कळते. म्हणून पायाखालची सावली पायालाच चिकटते, उडालेली धूळ पोटरीचा भाग होते आणि प्रेक्षकांतला एखादा सदरा खेळाडूच्या खांद्यावर उगवतो. वेगामुळे हात पुसट आला असेल, तर बोटे कोठे संपतात हे यंत्र सांगू शकत नाही. ते खेळ जाणणाऱ्यालाच ठरवावे लागते. खो-खोत पाठलाग करणाऱ्याला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि पाटीत बसलेले आठ गडी आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून असतात. हे ठाऊक नसलेला चित्रकार सुबक रेषेत चक्क नियमभंग काढून ठेवतो. मांडणीसाठी चित्र आरशासारखे उलटवणाऱ्यांनीही सावध असावे. तसे केले तर डावखुरे अजित वाडेकर क्षणात उजव्या हाताने खेळू लागतील!

चित्र कापून चिकटवायचे असेल, तर प्रत्येक आकार बंद हवा. कापणारे यंत्र रेषेच्या मागोमाग पाते फिरवते, त्याला उघडी रेषा आणि एकावर एक आलेले आकार चालत नाहीत. भरतकामासाठी बारीक तपशील गाळावेत.

आता हक्कांविषयी. 1957 च्या भारतीय कायद्यात छायाचित्र ही कलाकृती मानली जाते. दुसऱ्याने काढलेले छायाचित्र गिरवले म्हणून ते आपले होत नाही. मायकेल जॉर्डनच्या झेपेचे छायाचित्र 1984 मध्ये को रेंटमीस्टर यांनी ‘लाइफ’साठी काढले होते. ‘नायकी’ने पुढे तशाच झेपेचे स्वतःचे छायाचित्र काढून त्यावरून बोधचिन्ह केले, तेव्हा 2015 मध्ये प्रकरण न्यायालयात गेले. 2018 मध्ये वरिष्ठ न्यायालयानेही कंपनीच्या बाजूने निर्णय दिला : विशिष्ट छायाचित्र संरक्षित असते, झेपेची कल्पना नव्हे. शाळेला यातून सोपा मार्ग दिसतो. जुन्या छायाचित्रासाठी छायाचित्रकाराची वा त्याच्या कुटुंबाची अनुमती मागावी, किंवा आजच्या विद्यार्थ्यांना तोच पवित्रा घ्यायला सांगून नवे छायाचित्र काढावे. पालकांची संमती अर्थातच घेऊन.

आणि नाव. जेरी वेस्टची आकृती जगभर पोहोचली, पण त्या संघटनेने ती त्याची असल्याचे अधिकृतपणे कधी मान्य केले नाही. शाळेच्या चित्रात चेहरा गाळला जाईल, तो गाळावाच लागतो. म्हणून मूळ छायाचित्र, व्हेक्टर फाइल आणि खेळाडूचे नाव, इयत्ता व वर्ष यांची नोंद एकाच ठिकाणी ठेवावी. कपाटातील कित्येक छायाचित्रांमागे नाव लिहिलेले नाही. ती ओळखू शकणारी माणसे आज याच सभागृहात बसलेली आहेत, आणि बाहेरच्या टेबलावर ती छायाचित्रे पेन्सिलीसह मांडून ठेवलेली आहेत.