घर केवढं, महिन्याचा खर्च केवढा?


मुंबईत घर शोधताना आपण आधी भाडं विचारतो.
पण भाडं म्हणजे महिन्याचा पूर्ण खर्च नव्हे.

वरळीच्या बीडीडी चाळीतली जुनी खोली आठवा.
160 चौरस फूट.
पुनर्विकासात तिथल्या कुटुंबाला 500 चौरस फुटांचं घर मिळतं.
केवढा मोकळा श्वास!
पण उंच इमारत म्हटली, की लिफ्ट आली.
पाण्याचा पंप आला, पहारेकरी आला.
म्हणजे देखभाल खर्च आला.

आता दादर आणि डोंबिवली.
डोंबिवलीत भाडं बरंच कमी.
त्याच पैशांत खोली जास्तीची.
मात्र लोकलचा पास धरा.
स्टेशनपर्यंतची रिक्षा धरा.
पास तसा स्वस्तच. खरा खर्च रिक्षाचा.
आणि रोजचे प्रवासातले तास वेगळेच.

तेव्हा भाडं, देखभाल आणि प्रवास,
तिन्हींची बेरीज करा.
पुन्हा सांगते: भाडं, देखभाल आणि प्रवास.

घर विकत घेणार असाल, तर कार्पेट एरिया विचारा.
बाल्कनी त्यात धरत नाहीत.
2016च्या रेरा कायद्यानुसार बिल्डरला तो सांगावाच लागतो.
आणि जुन्या सोसायटीत घर घेताना,
देखभालीचं मागचं बिल जरूर बघायला मागा.