न्यायासनाची वाट
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



१४ मे २०२५ रोजी आपल्या अमरावतीचे भूषण गवई साहेब भारताचे सरन्यायाधीश झाले. त्या पदावर बसलेले ते पहिले बौद्ध. आपल्याला आनंद झाला, अभिमान वाटला. पण नुसत्या अभिमानानं भागत नाही. माणूस तिथपर्यंत कसा पोचला, हे आपल्या पोरांना समजलं पाहिजे.

रिपब्लिकन चळवळीतले पुढारी दादासाहेब गवई यांचे हे चिरंजीव. जन्म २४ नोव्हेंबर १९६०. सुरुवातीचं शिक्षण अमरावतीच्या फ्रेजरपुऱ्यातल्या नगरपालिकेच्या शाळेत. त्यांना व्हायचं होतं आर्किटेक्ट. पण वडिलांचं वकील होण्याचं स्वप्न चळवळीतल्या अटकेमुळे अपुरं राहिलं होतं. मुलानं ते पूर्ण करावं ही त्यांची इच्छा. साहेबांनी स्वतःच ही गोष्ट नागपूरच्या सत्कारात सांगितली.

१९८५ साली वकिली सुरू केली. १९८७ पर्यंत बॅरिस्टर राजा भोसले यांच्या हाताखाली काम शिकले. पुढे मुंबई हायकोर्टात, १९९० नंतर नागपूर खंडपीठात वकिली. २००० साली तिथेच सरकारी वकील, २००३ साली हायकोर्टाचे न्यायमूर्ती, २०१९ साली सुप्रीम कोर्टात. २३ नोव्हेंबर २०२५ रोजी निवृत्त झाले. हिशेब करा: वकिलीपासून न्यायासनापर्यंत अठरा वर्षं गेली!

त्यांच्या घरी वडिलांचं नाव मोठं होतं. आपल्या गिरणी कामगाराच्या, शेतमजुराच्या लेकीला ती ओळख कुठली? तिची वाट दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेतून, तालुक्याच्या कोर्टातून जाते. आणि ती लहान जागा नव्हे. गरिबाचा खटला, साक्ष, उलटतपासणी, सगळं आधी खालच्याच कोर्टात होतं. तिथे आपलं दुःख जाणणारा माणूस पाहिजे.

मात्र २० मे २०२५ रोजी गवई साहेबांच्याच खंडपीठानं निकाल दिला की, या परीक्षेसाठी आधी तीन वर्षांची वकिली हवी. कोर्टाचा अनुभव असल्याशिवाय न्याय देता येत नाही, हे म्हणणं रास्त आहे. पण ज्युनिअर वकिलाच्या हाती पहिली वर्षं फारसं काही पडत नाही. गरिबाच्या पोरानं ती तीन वर्षं काय खाऊन काढायची?

बाबासाहेब बॅरिस्टर होऊन आले, तेव्हा सनद काढायला पैसे नव्हते. नवल भथेना या पारशी मित्रानं मदत केली. १९२३ साली वकिली सुरू झाली. बाबासाहेबांनाही कुणाचा तरी हात लागला, मग आपल्या पोरांना का लागू नये?

म्हणून माझी सूचना आहे. जयंतीच्या वर्गणीतला एक वाटा दरवर्षी बाजूला काढा. सनदेची फी, काळा कोट, कायद्याची पुस्तकं, खोलीचं भाडं यासाठी तो निधी ठेवा. एकाच मुलाला किंवा मुलीला, पण पूर्ण तीन वर्षं सांभाळा. भगवान बुद्धांनी दानाला पहिली पारमिता मानलं, ती अशी आचरणात येऊ द्या. डीजे एक दिवस वाजतो, न्यायाधीश तीस वर्षं न्याय देतो.

नमो बुद्धाय! जयभीम!