कुंपणाच्या कडेकडेनं घराकडे



आजचा विषय दूरदेशीचा आहे. ऑस्ट्रेलिया खंडाच्या पोटात कोरडा, तांबड्या मातीचा, फार विरळ वस्तीचा मुलूख आहे. त्याला आउटबॅक म्हणतात. या मुलखात कामानिमित्त राबताना आणि फिरताना ज्यांना आपली तुटलेली माणसं सापडली, आपलं कूळ कळलं, त्यांच्याविषयी मी बोलणार आहे.

मुलखाचा पसारा आधी ध्यानात घ्या. तिथं गुरं-मेंढ्यांच्या चराऊ मालमत्तेला स्टेशन म्हणतात. दक्षिण ऑस्ट्रेलियातलं अ‍ॅना क्रीक हे एक स्टेशन कित्येक वर्षं २३ हजार चौरस किलोमीटरहून मोठं होतं. आपला क्षेत्रफळानं सर्वांत मोठा जिल्हा अहिल्यानगर, तो १७ हजारांच्या आसपास. एवढ्या पसाऱ्यात राबायचं कोणी? गुरं राखायला, हाकायला, घोडे शिकवायला, मालकिणीच्या घरी धुणीभांडी करायला आणि तिची मुलं सांभाळायला तिथलेच मूळ रहिवासी होते. मजुरी म्हणून पीठ, साखर, चहा, तंबाखू मिळे. रोख पैसा क्वचित. माल वाहायला उंटवाले होते, ते आपल्या बाजूचे. त्यांच्याकडे मी नंतर येतो. अभ्यासातून माझं एक मत पक्कं झालं आहे. आउटबॅकमध्ये माणसाचं कूळ शोधायचं तर कामाचीच वाट धरावी लागते. कामानंच घरं मोडली, आणि मोडलेल्या घरांच्या खुणाही कामाच्याच जागी उरल्या.

त्यातली सर्वांत मोठी खूण म्हणजे एक कुंपण. १८५९ मध्ये व्हिक्टोरियात एका जमीनदारानं शिकारीसाठी चोवीस ससे सोडले. पुढे ते इतके वाढले की पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सरकारनं ते अडवायला १९०१ ते १९०७ या काळात उत्तर-दक्षिण तारेचं कुंपण घातलं. पहिल्या कुंपणाचीच लांबी १,८३३ किलोमीटर. त्यावर गस्त घालायला माणसं नेमली, त्यांच्या गाड्यांना उंट जुंपले. देखभालीचा एक तळ वाळवंटाच्या कडेला जिगलाँग इथं पडला. वाळवंटातली मार्तू माणसं हळूहळू त्या तळाभोवती राहू लागली. कुंपणाच्या एका इंग्रज तपासनिसाला मार्तू बाईपासून मुलगी झाली. तिचं नाव मॉली.

त्या राज्यात १९०५ चा कायदा होता. त्यानं सोळा वर्षांखालच्या प्रत्येक आदिवासी मुलाचा कायदेशीर पालक ठरवला होता तो सरकारचा मुख्य संरक्षक. आई पालक नव्हती! १९३१ मध्ये हे पद ए. ओ. नेव्हिल यांच्याकडे होतं. त्यांच्या हुकमानं मॉली आणि तिच्याहून लहान, नात्यातल्या दोन बहिणी, डेझी आणि ग्रेसी, यांना जिगलाँगहून उचलून पर्थच्या उत्तरेला मूर रिव्हर इथल्या वसाहतीत नेलं. अशा मिश्र वंशाच्या मुलींना घरकामाला तयार करायचं, असं ते धोरण होतं. चौदा वर्षांची मॉली दोघींना घेऊन लगेचच निघाली. कुंपण आपल्या गावावरून जातं, एवढं तिला बापाच्या नोकरीमुळं ठाऊक होतं. ते गाठायचं आणि त्याच्या कडेनं उत्तरेला चालत राहायचं! नऊ आठवड्यांच्या आसपास आणि सुमारे १,६०० किलोमीटर. मागावर पोलीस होते, वर्तमानपत्रात सूचना छापली गेली होती. ग्रेसी वाटेत पकडली गेली. मॉली आणि डेझी घरी पोचल्या.

ही हकिगत आज जगाला ठाऊक आहे ती मॉलीच्या मुलीमुळं, आणि मला तिची गोष्ट आईच्या गोष्टीहूनही महत्त्वाची वाटते. डोरिस पिल्किंग्टन गॅरिमारा हे तिचं नाव. बॅल्फर डाउन्स या स्टेशनवर, जिथं मॉली कामाला होती, तिथं एका झाडाखाली ती जन्मली. जन्माची नोंद झाली नाही. १ जुलै १९३७ ही तारीख पुढे सरकारी खात्यानं लावली. १९४० मध्ये मॉलीला अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेसाठी पर्थला नेलं आणि तिथून दोन्ही मुलींसकट पुन्हा मूर रिव्हरला टाकलं. मॉली पुन्हा पळाली. पण आता कडेवर अठरा महिन्यांची अ‍ॅनाबेल होती आणि दोघींना घेऊन तो पल्ला चालणं अशक्य होतं. तीन-साडेतीन वर्षांची डोरिस मागे राहिली. काही वर्षांनी अ‍ॅनाबेललाही नेलं. ती मॉलीला पुन्हा कधीच दिसली नाही.

आईनंच आपल्याला देऊन टाकलं, असं ऐकत डोरिस वाढली. ती रुग्णालयात परिचारिकेची मदतनीस झाली, संसार केला, आणि १९६२ मध्ये, एकवीस वर्षांनी, आईसमोर उभी राहिली. पुढचं काम तिनं अतिशय निष्ठेनं केलं. मावशी डेझीच्या तोंडून तिनं ते चालणं ऐकलं, आईला विचारलं. त्यांच्या आठवणीत तारखा नव्हत्या, किलोमीटर नव्हते. पाणवठे होते, ऋतू होते, कुठं काय खायला मिळालं ते होतं. मग ती सरकारी दप्तरात गेली. तिथं उलट तारखाच तारखा, तारा, खर्चाचे हिशेब. एकीकडे दोन म्हाताऱ्यांची स्मृती, दुसरीकडे मुख्य संरक्षकाचा पत्रव्यवहार. या दोन्ही गोष्टी तिनं एकमेकींशेजारी मांडल्या आणि १९९६ मध्ये पुस्तक निघालं. २००२ मध्ये त्यावर चित्रपट आला. ज्या कागदांनी मुलींचा माग काढला होता, त्याच कागदांनी लेकीला आईच्या पायवाटेवर आणून सोडलं. अशा दप्तराविषयी माझ्या मनात राग आहे, आणि ते जाळून न टाकता जपलं गेलं याबद्दल कृतज्ञताही आहे.

आता लेखिका सॅली मॉर्गन. तिचा जन्म १९५१ चा, पर्थ शहरातला. शाळेत मुलं विचारत, तुम्ही कुठले? घरातून तिला उत्तर शिकवलं होतं: आम्ही भारतीय आहोत, असं सांग. श्रोतेहो, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. आपल्या देशाचं नाव तिथं एका आईनं आणि आजीनं लेकरं झाकायला पांघरूण म्हणून वापरलं होतं. आदिवासी आहोत हे उघड झालं तर पोरं उचलून नेतील, ही धास्ती त्या दोघींनी आयुष्यभर सोसली होती. आजी डेझी स्टेशनमालकांच्या घरी कामाला होती आणि तिच्या मुलीला, म्हणजे सॅलीच्या आईला, बालगृहात वाढावं लागलं होतं.

सॅलीला खरं कळलं ते पंधराव्या वर्षी. पुढे ती आईला घेऊन उत्तरेला पिलबारात, कोरुना डाउन्स स्टेशनच्या मुलखात गेली. आजीचं आणि तिच्या भावाचं आडनाव कोरुना. ते त्या स्टेशनवरूनच पडलेलं. कामाच्या जागेचं नाव माणसाला चिकटवायचं, ही तिथली सर्रास रीत. पण शिक्क्यासारखं लावलेलं हेच नाव पुढं खूण ठरलं. तिथल्या म्हाताऱ्यांना डेझी ठाऊक होती, तिचा भाऊ आर्थर ठाऊक होता. आपल्या कोकणात किंवा माणदेशात अनोळखी पोरीला म्हातारी पहिला प्रश्न करते, कुणाची गं तू? तोच प्रश्न तिथंही. आणि उत्तर मिळालं की लगेच नातं ठरतं. त्या भागात सगळा समाज चार गटांत वाटलेला आहे. आईबापाच्या गटावरून मुलाचा गट ठरतो, आणि गटावरून कोण मावशी, कोण आजोबा, कोणाशी लग्न चालत नाही, हे ठरतं. कागदाचा कपटा नसताना शेकडो मैलांवरच्या माणसाला नात्यात बसवणारी ही व्यवस्था आहे. सॅलीचं पुस्तक १९८७ मध्ये आलं. त्यात आर्थर, आई ग्लॅडिस आणि शेवटी आजी, तिघं आपापली हकिगत सांगतात.

याच पिलबारात १ मे १९४६ रोजी शेकडो आदिवासी कामगारांनी स्टेशनांवरचं काम सोडलं. तो संप तीन वर्षं चालला. मजुरीचा तो लढा होता, पण स्टेशनास्टेशनांवर विखुरलेली नाती त्यामुळं एका तळावर आली, याकडे माझं लक्ष अधिक जातं.

आता उंटवाले. १८६० मध्ये बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी हिंदुस्थानातून उंट आणि उंटवाले नेले. १८६६ पासून टॉमस एल्डर यांनी मोठ्या प्रमाणावर ते आणवले. तिथं सगळ्यांना अफगाण म्हणत, पण त्यांत पठाण, बलुची, सिंधी, पंजाबी, राजस्थानी असे सगळे होते. बहुतेक उंट कराची बंदरातून चढत, आणि सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता, हे आपण विसरू नये. या माणसांनी आउटबॅकची तारयंत्राची लाइन, रेल्वे, खाणी आणि स्टेशनं यांना माल पोचवला. अ‍ॅडलेडहून निघणाऱ्या घॅन रेल्वेच्या नावात त्यांची आठवण आहे. मारी गावात रूळाच्या एका बाजूला गोरे आणि दुसऱ्या बाजूला उंटवाले आणि आदिवासी राहत. बऱ्याच उंटवाल्यांनी आदिवासी बायकांशी संसार थाटले. त्यांची मुलं सरकारच्या डोळ्यांत दुहेरी सलत.

बलुचिस्तानातून आलेले बेजा दरवेश १८९६ च्या कॅल्व्हर्ट मोहिमेत उंट घेऊन वाळवंटात गेले. १९३९ मध्ये सेसिल मॅडिगन यांनी सिम्पसन वाळवंट ओलांडलं, तेव्हा उंट हाकायला बेजांचा मुलगा होता. मोटारी आल्या आणि हे काम संपलं. १९२५ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात मोकाट उंट मारण्याचा कायदाच झाला.

१९०१ च्या कायद्यानं गोरेतरांना देशात शिरणं जवळजवळ बंद झालं. जो आधीपासून तिथं होता त्याला गावी जाऊन परतायचं तर सूट-दाखला काढावा लागे. त्यावर समोरून आणि बाजूनं काढलेला फोटो, आणि हाताचा ठसा. अपमानाचाच कागद तो. आज असे हजारो दाखले ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि कित्येक घरांत पणजोबांचा दुसरा फोटो नसेल, पण हा मिळतो. पणजोबांच्या तळहातावर आपला तळहात ठेवता येतो.

इतिहासकार सामिया खातून यांची एक गोष्ट सांगतो. ब्रोकन हिल इथल्या उंटवाल्यांच्या जुन्या मशिदीत एक जाड ग्रंथ होता, तो कुराण म्हणून ठेवलेला. त्यांनी उघडला, तर आत बंगाली पद्य, पैगंबरांच्या कथांचं! म्हणजे या वस्त्यांत बंगाली वाचणारंही कोणीतरी येऊन गेलं होतं. भाषा येणारं माणूस तिथं पोचेपर्यंत ही माहिती बंदच राहिली.

एकेकट्यानं चालणारा हा शोध पुढं संघटित झाला. १९८० मध्ये कोरल एडवर्ड्स आणि पीटर रीड यांनी लिंक-अप ही संस्था काढली. एडवर्ड्स स्वतः कूटामंड्राच्या मुलींच्या गृहात वाढलेल्या. १९९७ च्या राष्ट्रीय चौकशी अहवालानं म्हटलं की १९१० ते १९७० या काळात दर तीन ते दहा आदिवासी मुलांमागे एक मूल घरातून काढलं गेलं. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत माफी मागितली. त्याआधीच १९९२ च्या माबो निकालानं मूळ रहिवाशांचा जमिनीवरचा हक्क मान्य केला होता, आणि असा हक्क सांगताना वंशावळ हा पुरावा ठरू लागला. मानववंशशास्त्रज्ञ नॉर्मन टिंडेल यांनी १९३८-३९ मध्ये माणसांना नंबर देऊन काढलेले फोटो आणि लिहून घेतलेल्या वंशावळी त्यांच्या नातवंडांच्या कामी आल्या. मॉलीच्या मार्तू समाजाला आपल्या मुलखावरचा हक्क २००२ मध्ये मिळाला.

आपल्याकडे नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत, छापील कुलवृत्तांत आहेत. ते मोलाचे आहेत. पण ते बहुतेक पुरुषांचे, आणि यात्रेला जाण्याइतकी ऐपत असलेल्यांचे. जे पोटासाठी निघाले, रत्नागिरीहून मॉरिशसच्या उसात गेले, गिरणगावात आले, दर साली ऊसतोडीला जातात, त्यांची नावं शोधायची कुठं? मॉरिशसला महात्मा गांधी संस्थेत गिरमिट्यांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांच्या, नोंदवह्या आहेत, काही फोटोंसकट. मुंबईतल्या गिरणीकामगारांच्या घरांत हजेरीची कार्डं, पगाराच्या चिठ्ठ्या, जुनी रेशनकार्डं अजून ट्रंकांत पडली आहेत, आणि घर बदललं की रद्दीत जातात.

म्हणून माझी विनंती आहे. घरात सर्वांत वृद्ध जी बाई असेल तिला येत्या सुट्टीत विचारा: तुझ्या आईचं नाव काय, आजीचं काय, माहेर कुठलं, कोण कुठं कामाला होतं, कोणाच्या शेतावर, कोणत्या खात्यात. ती सांगेल तसं लिहून घ्या, खाली तारीख घाला. कामाचा कुठलाही कागद, कितीही फाटका असला तरी, टाकू नका. त्याची एक प्रत गावच्या वाचनालयात द्या.