वॉलेमायचे कलम



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत वनस्पतिशास्त्रावर काही बोलावे, अशी मंडळाची सूचना आली. आपल्यापैकी बहुतेकांच्या गच्चीवर कुंडीतला मोगरा आणि कढीपत्ता आहे, तेव्हा एका झाडाची आणि त्याच्या कलमांची हकीकत आपणांस रुचेल असे मला वाटले. झाड ऑस्ट्रेलियातले आहे. त्याला वॉलेमाय पाइन म्हणतात. नावात पाइन असले तरी ते पाइनच्या कुळातले नव्हे. येथील लालबागेत जे उंच, सरळ, मजल्यामजल्याने फांद्या फुटलेले वृक्ष आहेत आणि ज्यांना आपण सरसकट ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतो, त्या अरौकेरियाचे ते भाऊबंद आहे.

१० सप्टेंबर १९९४ रोजी डेव्हिड नोबल हा राष्ट्रीय उद्यान खात्यातील कर्मचारी दोन सोबत्यांसह सिडनीच्या वायव्येकडील वॉलेमाय उद्यानात एका अरुंद, खोल घळीत उतरला. तेथे त्याला बुडबुडे आल्यासारख्या तपकिरी सालीचे काही अनोळखी वृक्ष दिसले. त्याने एक डहाळी बरोबर आणली. खात्यातील वनस्पतितज्ज्ञ विन जोन्स यांनी ती पाहून हा नेचा आहे की झुडूप, असे विचारले. त्यावर नोबलने तो प्रचंड वृक्ष असल्याचे सांगितले, असे म्हणतात. पुढल्याच वर्षी जोन्स, केन हिल आणि जॅन ॲलन यांनी या वृक्षासाठी नवी प्रजाती स्थापून त्याचे ‘वॉलेमिया नोबिलिस’ असे नामकरण केले. नोबिलिस म्हणजे उमदा. शोधकाचे आडनावही त्यात आपसूक बसले.

या वृक्षाच्या परागकणांशी जुळणारे परागकण सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडतात. अलीकडच्या थरांत मात्र ते दिसेनासे होतात, म्हणून या परागकणांचा धनी केव्हाच नामशेष झाला असावा असा समज होता. आपण भारतीयांनी यात अगदीच परके वाटून घेण्याचे कारण नाही. भारत आणि ऑस्ट्रेलिया एकेकाळी गोंडवन या एकाच भूखंडाचे भाग होते आणि याच कुळाचे जीवाश्म आपल्याकडे कच्छात व राजमहालच्या टेकड्यांत मिळाले आहेत.

आता मुख्य अडचण. घळीतील प्रौढ वृक्षांची संख्या शंभराच्याही आत होती. ठिकाण गुप्त ठेवण्यात आले आणि ते योग्यच झाले. पण दुर्मिळ वस्तूची गुप्तता हीच तिची जाहिरात होते. संग्राहकाला रोप हवेच असते आणि ते सरळ मार्गाने मिळाले नाही, तर तो घळीत उतरण्याचा विचार करतो. म्हणून ठिकाण लपवायचे आणि झाड मात्र सर्वांना मिळू द्यायचे, असे धोरण ठरले. ज्याला पैसे देऊन दारात रोप मिळते, तो जंगलात चोरी कशाला करील? मला या साऱ्या प्रकरणात हा विचार सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

परंतु विकायला रोपे हवीत, आणि ती कोठून आणायची? बियांचा मार्ग बिकट होता. या वृक्षाचे शंकू उंच फांद्यांच्या टोकांना येतात. हेलिकॉप्टरला दोराने लोंबकळत माणसाने ते काढावे आणि आत रुजण्याजोगे बी थोडेच निघावे, असा प्रकार. म्हणून सिडनीच्या राजकीय वनस्पती उद्यानाच्या माउंट ॲनन येथील शाखेत तज्ज्ञ छाटकलमांकडे वळले.

कोकणातल्या मंडळींच्या डोळ्यांपुढे कलम म्हटले की हापूस येतो. ते कलम दोन झाडांचे: खाली रायवळ आंब्याचे खुंट, वर हापूसची काडी. छाटकलमात दुसरे झाड नसते. कोवळेपणा सरलेली पण अजून लाकूड न झालेली डहाळी कापायची, बुडाशी मुळे फुटविणारे संजीवक लावायचे, पाणी न धरणाऱ्या भुसभुशीत मिश्रणात खोचायची आणि मुळे येईपर्यंत पाने सुकू नयेत म्हणून वर धुक्यासारखे तुषार ठेवायचे. गुलाब आणि जास्वंद या कामी काही आठवडे घेतात. येथे महिनोन् महिने वाट पाहावी लागते.

आणि या कुळाची एक खोड आहे. डहाळी झाडाच्या कोणत्या भागातली, हे ती विसरत नाही. उभ्या शेंड्याचे कलम उभे वाढते. आडव्या फांदीचे कलम मुळे धरते, हिरवेगार होते, पण फांदीसारखे आडवेच पसरते. आपल्याकडे हौसेने अरौकेरियाची बाजूची फांदी लावणाऱ्यांना हा अनुभव येतो. म्हणजे उपयोगी पडतात ते केवळ उभे कोंब, आणि ते तर एका झाडाला मोजकेच! सुदैवाने वॉलेमायला बुडापासून नवे कोंब फुटण्याची सवय आहे. रानातल्या एकेका वृक्षाला अनेक खोडे असतात ती त्यामुळेच. तेव्हा रोपे छाटून बुटकी ठेवायची आणि छाटल्यावर येणारे उभे कोंब पुनःपुन्हा कापून लावायचे. क्वीन्सलंडमध्ये गिंपी येथील रोपवाटिकेत या पद्धतीने मोठ्या प्रमाणावर रोपे तयार झाली.

मे २००५ मध्ये लंडनच्या क्यू उद्यानात सर डेव्हिड ॲटनबरो यांनी एक रोप लावले. चोरीच्या भीतीने त्याभोवती पोलादी पिंजरा उभारला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात सिडनीत २९२ झाडांचा लिलाव होऊन दहा लाखांहून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलर जमले. २००६ पासून रोप सामान्य ग्राहकाला मिळू लागले आणि विक्रीतील वाटा मूळ वृक्षांच्या रक्षणासाठी राखून ठेवण्यात आला.

येथे कथा सुफळ संपूर्ण झाली असती. पण २००५ मध्येच घळीत फायटोफ्थोरा हा मुळे कुजविणारा रोग आढळला. आपल्या सुपारीच्या कोळेरोगाचा कारक याच प्रजातीतला. परवानगीवाचून आलेल्या कोणाच्या तरी बुटांच्या चिखलातून तो आला असावा, असा संशय आहे. अशा वेळी कलमाची मर्यादा ध्यानात येते. कलम म्हणजे नवे झाड नव्हे, तेच झाड दुसऱ्या जागी. मूळ वृक्ष ज्या रोगाला बळी पडेल, त्यालाच त्याची हजार कलमे बळी पडतील. त्यात वॉलेमायच्या वृक्षांमध्ये आपसांत आनुवंशिक भेद मुळातच अत्यल्प. शिवाय रोपवाटिकेचा स्वभाव असा, की ज्या मातृवृक्षाच्या डहाळ्या चटकन मुळे धरतात त्याच्याच पुढे वाढवाव्यात. बागा भरतात, वैविध्य भरत नाही.

२०१९-२० च्या उन्हाळ्यात त्या प्रदेशात भीषण वणवा पेटला. विमानांतून अग्निरोधक द्रव्य टाकण्यात आले, हेलिकॉप्टरमधून माणसे घळीत उतरली आणि त्यांनी झाडांभोवती पाण्याच्या तुषारांची व्यवस्था केली. काही वृक्ष होरपळले, पण समूह वाचला. घळीबाहेर, त्याच उद्यानात अन्यत्र शेकडो रोपे लावून नव्या वसाहती उभारण्याचे काम आधीच सुरू झाले होते. वणव्याची झळ त्यांनाही लागली.

त्यानंतरची योजना मला विशेष महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात संख्येपेक्षा निवडीला मान आहे. रानातल्या वृक्षांमध्ये जो काही थोडा भेद आहे तो सारा यावा, अशा रीतीने निवडलेली रोपे ऑस्ट्रेलियातून इंग्लंडमध्ये केंट परगण्यातील बेजबरी येथे आणून वाढविण्यात आली आणि २०२३ मध्ये १७० रोपे ब्रिटन व युरोपातील २८ उद्यानांना वाटण्यात आली. कोणते रोप कोणत्या वृक्षाचे, याची नोंद प्रत्येकाबरोबर आहे. ही झाडे मोठी होऊन त्यांना नर व मादी शंकू धरतील, तेव्हा रानात कधीच शेजारी नसलेल्या वृक्षांचे पराग एकमेकांना मिळू शकतील आणि त्या बियांतून येईल ते कलम नसेल.